गाडी भरून आणा

आमच्या वन्संना सगळे ठिणगी म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई असून गाड्यांचं वायरिंग करते, तडफदार आहे, म्हणून कुणी कौतुकाने ठेवलं असेल. एकदा एक टेम्पोवाला निघता निघता म्हणाला, "नाव शोभतं हो तुम्हाला." वन्संनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की पुढच्या खेपेला त्याने गाडी भावाबरोबर पाठवली.

ते नाव कौतुकाचं नाही. ते ज्याने ठेवलं तो माणूस मला ठाऊक आहे, आणि त्याच्याबद्दल मी दोन बरे शब्द बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. मला वहिनी म्हणतात आणि अगंतुगं करतात. मी मात्र अहोजाहो करते, कारण पहिल्या दिवशी तशी सुरुवात झाली आणि मग बदलायचं राहून गेलं. एकाच पत्र्याच्या शेडमध्ये आमचे दोन धंदे आहेत. पुढे माझं मशीन, त्यावर मी गाड्यांची सीट-कव्हरं शिवते. मागे वन्संचं टेबल. त्या तारांचा जोड सोल्डर करतात, टेप गुंडाळतात, ओढून बघतात, पुन्हा ओढून बघतात. गिऱ्हाईक गाडीत जाऊन बसलं, की त्याला खाली उतरवून आणखी एकदा ओढतात. मी चिडवायचे, "वन्सं, तार आहे ती, जावई नव्हे, एवढं पारखायला." त्या हसायच्या नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतात.

लग्नाआधी, म्हणजे होता होता राहिलेल्या लग्नाआधी, त्या चढावरच्या मोठ्या गॅरेजात कामाला होत्या. तिथल्या फोरमनच्या हाताखाली काम शिकल्या. एक दिवस त्या गॅरेजातून दुरुस्त होऊन गेलेली व्हॅन भर रस्त्यात पेटली. ड्रायव्हर वाचला, पण तापलेलं दार ढकलताना त्याचे दोन्ही तळहात भाजले आणि मग त्या मुठी पुन्हा कधी नीट मिटल्या नाहीत. आग त्याच्या पायांजवळ सुरू झाली होती. त्याच जागी वन्संनी त्या आठवड्यात एका तारेला जोड दिला होता.

फोरमनने अख्ख्या गॅरेजसमोर खापर फोडलं. "जोड हिचा." मालकांनी वन्संना त्याच दुपारी घरी पाठवलं. सगळं जळून कोळसा झालेलं, दाखवणार काय आणि भांडणार कशावर? वर त्या निघताना फोरमन हसून म्हणाला, "ठिणगी आहे ही. जाईल तिथे पेटवून येईल." झालं, नाव चिकटलं. लग्न जमलं होतं तिकडून निरोप आला, "आमचं घर लाकडी आहे." हा विनोद त्या लोकांनी बसून, विचार करून केला असणार. माझं डोकं अजून फिरतं.

आणि तोच फोरमन एके सकाळी आमच्या शेडसमोर व्हॅनमधून उतरला. केस पांढरे झालेले, गुडघे गेलेले. गॅरेज सोडून आता तो हॉस्पिटलच्या चादरी धुलाईला नेऊन पोचवायचं काम करत होता.

"ओळखलंस का पोरी?"

"विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला," वन्सं म्हणाल्या. "जमलं नाही."

मी मशीन मुद्दाम जोरात चालवलं. राग आवाजात तरी कळावा.

गाडीला रोग विचित्र होता. चालता चालता दिवे मंदावायचे, इंजिन अडखळायचं आणि बंद पडायचं. किल्ली फिरवली तर नुसतं टिक. थोड्या वेळाने पुन्हा जसं काही झालंच नाही. गॅरेजात नेली की गुणी बाळासारखी चालायची. गावातल्या सगळ्यांनी हात टेकले होते. बॅटरी बदलून झाली, डायनॅमो बदलून झाला. हॉस्पिटलवाल्यांनी बजावलं होतं, आणखी एकदा चादरी वेळेत आल्या नाहीत तर दुसरा माणूस बघू. म्हणून नाइलाजाने स्वारी आमच्या दारी.

"हाकलून दे त्याला," घरी आमच्या ह्यांनी सांगितलं. मी तर म्हटलं, "गाडी घ्या वन्सं, आणि टाकीत साखर घालू."

"तुझ्या चहात घालतेस तेवढी पुरे," त्या म्हणाल्या. "मला त्याच्या गाडीचं काही करायचं नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

"काय?"

"जोड कुणाचा होता ते. जिथे बोलला, तिथेच."

त्यांनी हे इतक्या थंडपणे सांगितलं, की मी सुई बदलत होते ती हातातच राहिली.

अधूनमधून बिघडणाऱ्या गाडीची एक खोड असते. बिघाड हजर असेल तेव्हाच तो पकडावा लागतो. म्हणजे गाडीत बसून, तिच्याबरोबर हिंडून, त्याची वाट बघायची. वन्संना ज्या माणसाचा आवाज नकोसा होता, त्याच्या शेजारी बसून दिवस काढायचा होता. मला त्यांनी मागे बसवलं. मी नको नको म्हणत लगेच चढले.

पहिला दिवस फुकट गेला. फोरमन चालवत होता, वन्सं गप्प. गाडी माझ्या मशीनपेक्षा मऊ चालत होती. बाजार, पूल, पूल उतरून मागचा रस्ता, काही नाही. तो आपलं बोलत राहिला, गुडघ्यांबद्दल, सुनेबद्दल, आजकालच्या पोरांना काम येत नाही त्याबद्दल. मला कापायच्या कापडासारखी त्याच्या मानेवर खडूने रेघ मारावीशी वाटत होती. मग वन्संनी दिवसभरातला पहिला प्रश्न विचारला.

"गॅरेजात गाडी नेता, तेव्हा गाडीत काय असतं?"

"काय असणार? रिकामी करून नेतो. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी दारात कोण येऊ देईल?"

"आणि बंद पडते तेव्हा?"

त्याने मान वळवून मागची रिकामी जागा बघितली. बंद पडते तेव्हा गाडी भरलेली असते, हे त्याला सांगावं लागलं नाही. सगळी गॅरेजं आधी गाडी रिकामी करायला सांगत होती, आणि हा शहाणा गाठोड्यांबरोबर बिघाडही उतरवून ठेवत होता.

"उद्या गाडी भरून आणा," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ओल्या, मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर बसले. वास सांगत नाही. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. वन्संनी शेजारची सीट उचलून मागे टाकली आणि उघड्या इंजिनापाशी हत्यारांच्या पेटीवर बसल्या. टेस्ट लॅम्पचा एक चिमटा बॅटरीच्या तारेला लावला, दुसरा इंजिनाच्या धातूला, आणि लांब तारेचा तो बारका दिवा माझ्या हातात दिला. "मंदावला की ओरड. दुसरं काही करू नकोस."

"मी कशाला दुसरं काही करीन?"

"तुझी नजर त्याच्या मानेवर आहे."

बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत बॅटरीत यावी लागते, ती गाडीच्या पत्र्यातून येते. इंजिन बसलेलं असतं रबरावर, म्हणून इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये एक विणलेली तांब्याची पट्टी असते. परतीची वाट तीच. इतक्या वर्षांत मला एवढं समजलंय.

"चढ हवा," वन्सं म्हणाल्या. गावात चढ पुष्कळ आहेत. त्यांनी हात करून दाखवला तो त्यांच्या जुन्या गॅरेजचा.

"तिकडून कशाला?" फोरमन म्हणाला.

"खडा आहे म्हणून."

निम्म्या चढावर माझ्या हातातला दिवा एकदा लुकलुकला. मी ओरडले. पुढे तो सावरला. वन्संनी फोरमनला सांगितलं, "आत घ्या. फाटकापाशी सगळ्यात जास्त चढ आहे." तो घेईना. वन्सं नुसत्या बघत राहिल्या. त्याने स्टिअरिंग वळवलं. गाडी फाटकाच्या तोंडात आली, गाठोडी माझ्यासकट मागे सरकली, इंजिन रबरावर कलंडल्यासारखं हललं, आणि दिवा पार काजव्याएवढा झाला. मी ओरडायच्या आत गाडी बंद पडली.

"सेल्फ मारा," वन्सं म्हणाल्या.

त्याने किल्ली फिरवली. टिक. पुन्हा मारायला लावला. या वेळी अ‍ॅक्सिलरेटरची केबल, ती ड्रायव्हरच्या पायातून इंजिनाकडे येते ती, तिच्यातून बारीक धूर निघाला. पट्टीची वाट तुटली, तर वीज मिळेल त्या वाटेने परत जाते. त्या बारक्या केबलीतून सगळा भार जात होता. ती तापून लाल व्हायला कितीसा वेळ लागतो!

वन्संनी केबलीकडे बघितलं. मग ती ज्या ड्रायव्हरच्या पायांपाशी जात होती, त्या जागेकडे. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या पेटलेल्या व्हॅनची आगही तिथूनच लागली होती.

तोवर गॅरेजातले लोक फाटकाशी जमले होते. जुने दोन-तीन मेकॅनिक होते. म्हातारे मालक खुर्चीत बसले होते, ते खुर्ची उचलवून पुढे आले.

"फोरमन, ती केबल धरा," वन्सं म्हणाल्या.

त्याने धरली नाही. केबलीकडे बघून मान वळवली. त्या वळवण्यातच सगळं होतं, पण वन्सं तेवढ्यावर सोडणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी पट्टीचा बोल्ट सोडवला, पट्टी बाजूला केली. खालचा पत्रा चकचकीत रंगवलेला. रंग खरवडून उघड्या धातूवर पट्टी बसवायची असते, नाहीतर ती धरते न धरते. रिकाम्या गाडीत धरते. ओझं आलं, चढ आला, की सुटते.

"ही कुणी बसवली?"

"मीच. इंजिन उतरवलं होतं तेव्हा."

"रंग न खरवडता."

"फोरमनची सवयच ती," मागून एक जुना मेकॅनिक बोलून गेला, आणि मग जीभ चावली.

"जी गाडी पेटली, तिचं इंजिन पण त्याच आठवड्यात तुम्हीच उतरवून बसवलं होतं." वन्संचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "इथेच बोलला होतात. आता इथेच बोला."

त्याने किल्ली काढली, पुन्हा घातली.

"जोड तुझा नव्हता."

"मोठ्याने."

"जोड हिचा नव्हता! पट्टी माझी होती." त्याचा आवाज चिरकला. मला कीव यायला हवी होती. मला अजिबात आली नाही. मला आणखी हवं होतं.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "केबल वितळून खाली पडली होती. मी ती भंगारात टाकली."

 मग मालकांनी घसा साफ केला. समजूत काढायच्या सुरात, अगदी वडीलकीने ते म्हणाले, "झालं गेलं सोडून दे आता. मलाही कळलं होतं. पण फोरमनला काढला असता तर गॅरेज कुणी चालवलं असतं? तू पोरगी. आज ना उद्या घरीच बसणार होतीस."

वन्सं गाडीच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. जुने मेकॅनिक जमिनीकडे बघत होते. "मला सोडून सगळ्यांना."

मग त्या माझ्याशी बोलल्या, जणू तिथे दुसरं कुणी नव्हतंच. "तो ड्रायव्हर बाजाराच्या वाटेवर राहतो, वहिनी. मी लांबून फिरून जाते. त्याचे हात दिसू नयेत म्हणून. मला वाटायचं, फोरमन खोटं बोलतोय. आणि रात्री वाटायचं, बोलत नसेल तर?"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी समजत होते, लोकांनी ऐकावं म्हणून हा सगळा खटाटोप. लोक गेले खड्ड्यात. ऐकायचं वन्संना स्वतःला होतं.

त्या उठल्या. बॅटरीची तार सोडवून बाजूला वळवली. पट्टीचं दुसरं टोक सोडवलं आणि ती तांब्याची पट्टी गुंडाळून खिशात घातली. हत्यारं पेटीत टाकली. भरलेली गाडी फाटकाच्या बरोबर तोंडात, ना आत ना बाहेर, ओल्या चादरींसकट.

"अगं, पट्टी कुठे नेतेस? चादरी पोचवायच्या आहेत!" फोरमन म्हणाला.

"फाटक अडलंय!" मालक ओरडले. "गाड्या आत अडकल्यात!"

"इतके जाणकार आहात," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला सगळं आधीपासूनच माहीत असतं. काढा गाडी."

आम्ही चढ उतरू लागलो. मागे हॉर्न वाजत होते, मालकांचा आवाज त्यांच्यावर चढत होता. पेटी मी घेतली. मी म्हटलं, "रडा वन्सं, मोकळ्या व्हा. बोलला ना शेवटी तो. फिटलं."

"रडू कशाला?" त्या म्हणाल्या आणि खांद्याने नाक पुसलं. "अर्धा राग त्याच्यावर होता गं. अर्धा इतकी वर्षं माझ्यावरच होता. तो अर्धा आता मोकळा झालाय." त्यांनी मागे वळून फाटकाकडे, खुर्चीवरून उठून हातवारे करणाऱ्या मालकांकडे बघितलं. "ह्यांना पुरेल."