महागाच्या मोबाइलची रेंज

कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर मी मास्तर होतो. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा मुंबईत, महाडचं घर कुलूपबंद. खोलीत बोलायला कोणी नसे, म्हणून मी भिंतीवरच्या पालीवरही खेकसायचो.

वाडीत मोबाइल नवे होते आणि रेंज मिळे ती फक्त देवळाच्या ओसरीवर. म्हणून सगळ्यांचे मोबाइल प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ओसरीच्या खिळ्यांना लटकवलेले असत. एखादा वाजला की तिथं बसलेलं कोणीतरी हाळी देई, मालक शेतातून धावत येई, आणि मुंबईवाला दहा मिनिटांनी पुन्हा लावी. माझ्या मुलाचा फोन शेजारच्या मावशींच्या मोबाइलवर येई. चारचौघांत त्याला ‘जेवलास का’ विचारायचीही मला लाज वाटे. बापलेकाचं बोलणं काय चव्हाट्यावर करायचं?

दिवाळीच्या सुट्टीत महाडला गेलो, तेव्हा दुकानदारानं एक भारीतला मोबाइल पुढ्यात ठेवला. “मास्तर, स्वस्तातल्याचं काय खरं नाही. हा दरीतसुद्धा रेंज पकडेल.” किंमत मावशींच्या मोबाइलच्या चौपट. मी पोरांना गणित शिकवणारा माणूस, पण वरचे तीन हिस्से कशाचे, हे विचारायचं काही सुचलं नाही. घेतला, आणि मुलाला बजावलं, “यापुढं मावशींकडं लावायचा नाही. माझ्याच नंबरवर लाव.”

खोलीत एक दांडी येईल तर शपथ. ओसरीवर नेऊन दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले, तर मावशींच्या मोबाइलला तीन दांड्या, माझ्यालाही तीनच. खोटं कशाला बोलू, कॅमेरा छान होता, पडदा मोठा आणि रंगीत होता. त्या वस्तूची तेवढी किंमत असेलही. पण मी पैसे मोजले होते मुलाच्या आवाजासाठी, आणि तो त्या खोक्यात नव्हताच.

“गुरुजी, आडकवा की खिळ्याला,” मावशी म्हणाल्या. “हितं कोन नेतोय?”

“महागाचा आहे, मावशी.”

“महागाचा हाय म्हनून रेंज घरात येनार हाय का?”

मला राग आला. खरं बोललेलं झोंबतं, दुसरं काय! मी मोबाइल ट्रंकेत ठेवू लागलो आणि रोज संध्याकाळी अर्धा तास ओसरीवर नेऊन बसू लागलो. मुलगाही तेवढ्यातच फोन करी. बाकी दिवसभर खिळ्यावरचे स्वस्तातले मोबाइल वाजत, आणि शाळेतून मला त्या हाळ्या ऐकू येत. एकही माझ्यासाठी नसे.

मुलाचं आखातात जायचं घाटत होतं. व्हिसाचा पत्ता नव्हता. जाण्याआधी दोन दिवस येऊन राहीन, असं तो म्हणाला होता, आणि मी त्या दोन दिवसांची वाट पाहत होतो.

पुढच्या आषाढात सलग चार दिवस पाऊस कोसळला. महागाच्या वस्तूत पाणी जाईल, या भीतीनं मी मोबाइल ट्रंकेतून काढलाच नाही. पाचव्या दिवशी उघडीप मिळाली तसा ओसरीवर गेलो, आणि हातातला मोबाइल पुन्हा पुन्हा वाजू लागला. सगळे मुलाचे मेसेज, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. व्हिसा आला. फोन करा. परवाचं विमान आहे, यायला जमत नाही. फोन लागत नाही. बाबा, बरे आहात ना? शेवटचा आदल्या रात्रीचा होता : निघतो.

लगेच फोन लावला. त्याचा नंबर बंद झाला होता.

मावशी तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांचा मोबाइल डोक्यावरच्या खिळ्याला, चारही दिवस तिथंच. मी विचारलं, “माझ्या मुलाचा फोन आला होता का हो?”

“नाय बा. आला असता तर पावसात हाळी दिली असती की.”

लहानपणापासून त्या पोरानं माझा एक शब्द ऐकला नव्हता. हा मात्र ऐकला.