पडावावरचे दोघे

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर सीताराम परब राहायचा. मूळचा देवगडकडचा. गिरणीत साचे चालवून चालवून कापसाच्या धुळीने छाती भरली, ते काम सुटलं, आणि ओळखीने त्याला बंदरात पडावावर राखणदाराची नोकरी लागली. पडाव म्हणजे माल वाहायची मोठी बोडकी नाव. तिला ना शीड, ना इंजिन. लाँच ओढत नेईल तिथे जायचं आणि सोडेल तिथे नांगर टाकून पडून राहायचं.

छप्पन सालच्या जानेवारीत वडाळ्याच्या मिठागरातलं मीठ भरून असाच एक पडाव धक्क्यापासून लांब, खोल पाण्यात नेऊन उभा केला. जहाज आलं की मीठ त्यावर चढवायचं. पडावावर सीतारामबरोबर कोंडीराम होता. साताऱ्याकडचा, वयाने बराच मोठा, बायको गेलेली. त्याचा एकुलता मुलगा दौलत गिरणीत होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे असायचा. आदल्या रात्री दौलत घरीच आला नव्हता. तरीही खाडा नको म्हणून म्हातारा कामावर आला होता.

लाँचवाल्याने संध्याकाळी बदली माणसं आणतो म्हणून सांगितलं. पण त्याच दिवशी शहर पेटलं. संध्याकाळी लाँच आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पश्चिमेला परळच्या अंगाला धूर दिसायचा. गिरण्यांची धुराडी थंडच होती, धूर खालून, वस्तीतून येत होता. वारा शहराकडून फिरला की फटफट असे आवाज ऐकू यायचे. ते कसले, हे दोघांनाही कळत होतं. सीतारामला वाटायचं, बायको शांता पोरींना घेऊन खाली नळावर तर गेली नसेल? कोंडीराम काठाला उभा राहायचा तो तसाच. बसा म्हटलं तरी बसायचा नाही. लांबून एखादी बोट गेली की दोघं धोतर फडकवायचे. कोणी वळलं नाही. भाकऱ्या संपल्या. पिपातलं पाणी तळाला गेलं.

एका पहाटे सीतारामला जाग आली तर पडाव हळूहळू गोल फिरत होता. नांगराचा दोर घासून तुटला होता. ओहोटी लागली होती आणि पाणी पडावाला बाहेर, उघड्या समुद्राकडे नेत होतं. बांबू खाली घालून पाहिला, तळ लागेना. दुसरा नांगर नव्हता. उजाडलं तेव्हा कुलाब्याच्या टोकाचा दीपस्तंभ जवळ दिसला, अगदी हाक मारावी एवढा जवळ. पडाव त्याच्या बाहेरून चालला होता.

कोंडीरामने सदरा काढला.

"कोंडीमामा, काय करता?"

"कृष्णेच्या पुरात म्हशीमागं पोहलोय मी. हे काय लांब न्हाई."

सीतारामने त्याला धरलं. म्हणाला, हे नदीचं पाणी नाही, ओहोटी बाहेर ओढतेय, भरती लागेपर्यंत थांबा.

"भरती लागंपतूर आपण कुठं असू?" कोंडीराम म्हणाला. "माझं प्वार तिथं हाय."

सीतारामने म्हाताऱ्याच्या कमरेला मिठी घातली, पण खोकल्याची उबळ आली आणि हात सुटले. कोंडीरामने उडी घेतली.

आधी तो नीट दीपस्तंभाकडे जात होता. मग पाण्याने त्याला बाजूला काढलं. सीतारामने बांबू टाकला, दोराला फळी बांधून फेकली. दोर तोकडा पडला. कोंडीरामने एकदा मागे वळून हात वर केला. बोलावत होता की थांब म्हणत होता, सीतारामला कळलं नाही. डोकं लाटेआड गेलं, पुन्हा दिसलं, आणि मग दिसलं नाही. घसा बसेपर्यंत तो हाका मारत राहिला. स्वतः उडी टाकावी असं मनात आलं. पाय हलले नाहीत.

त्यानंतर चहूकडे पाणीच. किनारा बुडाला. पोटात मिठाचे ढीग घेऊन पडाव वाहत होता, आणि त्यावर पाण्यासाठी तडफडणारा एक माणूस. रात्री दव पडायचं. तो धोतर पसरून ठेवायचा आणि सकाळी तोंडात पिळायचा. जीभ ओली व्हायची, इतकंच. पुढे पुढे तो ताडपत्रीखाली नुसता पडून राहू लागला. डोळे मिटले की शांता दार उघडताना दिसायची. उघडले की आभाळ.

अलिबागकडच्या कोळ्यांनी त्याला उचलून होडीत घेतलं तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. त्यांच्या घरी पेज पिऊन तो उठून बसू लागला, आणि मुंबईची वाट मोकळी झाल्यावर घरी आला.

शांताने दार उघडलं. ती त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. तिने बंदरावर खेटे घातले होते. पोलिसांनी एकदा परत पाठवलं, नंतर कचेरीत कोणी काही सांगेना. आत दौलत बसला होता, डोक्याला पट्टी. त्या रात्री तो नायगावला मित्राकडे राहिला आणि दुसऱ्या दिवशी संचारबंदी लागल्यावर तिथेच अडकला. एक दगड लागला, बाकी धडधाकट होता. बापाची खबर विचारायला तो रोज इथे यायचा. सीतारामला बघून तो उठला आणि त्याच्यामागे जिन्याकडे पाहू लागला.

"बाबा मागून येतायत?"

सीताराम उंबऱ्यातच खाली बसला. मग त्याने होतं ते सगळं सांगितलं. दौलत म्हणाला, "त्या रात्री मी घरी यायला हवं होतं."

कोंडीराम सापडला नाही. सीताराम परत बंदरात गेला नाही. चाळीखालच्या वाण्याकडे पुड्या बांधू लागला. साठ साली महाराष्ट्र झाला, चाळीवर कंदील लागले, आणि त्याच उन्हाळ्यात दौलतचं लग्न निघालं. दौलत येऊन म्हणाला, बापाच्या जागी तुम्ही उभे राहा. सीताराम नको नको म्हणत राहिला. शांताने धुतलेला सदरा पुढे केला, तेव्हा तो उभा राहिला. अक्षता पडत होत्या आणि तो मान खाली घालून उभा होता. व्याह्यांनी हात पुढे केला, तो त्याला दिसलाच नाही. त्याला पाण्यातून वर झालेला कोंडीरामचा हात दिसत होता.