बुडबुडे थांबले त्या दिवशी

"सिस्टर! बुडबुडे बंद पडले!"

काचेवर थाप पडली तेव्हा मी नुकतीच त्या बाळाच्या नाकातली नळी काढून बाजूला ठेवली होती. बाहेर बाळाचे आईकडचे आजोबा उभे होते, इंझोरीचे नामदेवकाका. त्यांच्या मागे वऱ्हांड्यातले झाडून सगळे नातेवाईक. काच वाजवण्यात काकांचं काही चुकत नव्हतं. ते काम त्यांना मीच दिलं होतं.

वाशीमला एका दवाखान्यात मी नवजात बाळांच्या कक्षात नर्स आहे. काकांची लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या बऱ्याच आधी बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. अशा बाळांची फुप्फुसं कच्ची असतात. श्वास सोडला की आतले बारीक फुगे मिटतात, आणि ते पुन्हा उघडता उघडता बाळ दमून जातं. मग आम्ही सीपॅप लावतो. घशात काही घालायचं नाही. नाकात दोन छोट्या नळ्या बसवून हलक्या दाबाची हवा चालू ठेवायची, म्हणजे फुगे मिटत नाहीत. श्वास बाळच घेतं. परत येणाऱ्या हवेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. दाब नीट असला की पाण्यात बुडबुडे येतात.

पहिल्या दिवशी काका एवढे घाबरले होते की सारखं दार वाजवायचे. शेवटी वैतागून मी म्हटलं, "काका, त्या बाटलीकडं पाहा. बुडबुडे येऊन राह्यले तोवर काई काळजी नाई."

झालं! काकांनी काचेपाशी ठाणच मांडलं. एकदा बाळाच्या नाकातली नळी खरंच सरकली. मी उठेपर्यंत काकांची थाप पडली होती. डॉक्टरसाहेबांनी त्यांना शाबासकी दिली आणि मग तर विचारूच नका. दुसऱ्यांच्या बाळांच्या बाटल्याही त्यांनी ताब्यात घेतल्या. रिठदच्या व्याह्यांना फोनवर रोज खबर जायची, "इवाई, बुडबुडे मस्त चालू हायेत!"

आता बाळाला साधी हवा पुरत होती. नाकाची कातडी लाल व्हायला लागली होती. मशीन ठेवण्यात अर्थ नव्हता. आम्ही ते काढलं, आणि नेमके त्याच दिवशी व्याही बाळ पाहायला यायचे होते.

काका दारातच आडवे आले. "लावा ना ते नळी! काहून काढली?"

"काका, बाळ सुधारलं म्हणून काढली."

"तुमीच म्हनलं होतं, बुडबुडे पाह्यजे! नाई तं मी लेकराले अकोल्याले नेतो. इवाई येऊन राह्यले, त्यायले काय सांगू?"

नाकातली नळी काढल्यावरचे पहिले काही तास नाजूक असतात. त्यात एवढ्याशा जिवाला गाडीत घालून अकोल्याला न्यायचं! डॉक्टरसाहेबांनी समजावलं. काका हलेनात. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे लेक आणि नात सुखरूप परत देण्याची जबाबदारी त्यांचीच.

मी विचारलं, "काका, विहिरीवरची मोटर पाणी धरत नाई तवा काय करता?"

"वरून बालटीनं पानी भरतो."

"अन् धरल्यावर?"

"धरल्यावर कायले भरा लागते? ते सोताच वढते..." काका बोलता बोलता थांबले.

"तसंच हाय. तुमच्या नातीनं धरलं. आता बालटी खाली ठेवा."

तरी चेहरा निवळेना. मग त्यांना हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि आत आणलं. "बाटलीकडं नाई, पोटाकडं पाहा."

इवलंसं पोट वर-खाली होत होतं. मॉनिटरवरचा ऑक्सिजन जरा घसरला. मी बाजूची नळी उचलली. मग आपोआप सावरला. काकांना ते कळलंही नाही. ते पोटावरून तोंडाकडे पाहायला लागले होते. टोपी, पट्ट्या आणि नळ्यांत झाकलेलं ते तोंड आजवर कुणी धड पाहिलंच नव्हतं.

"आर्र!" काका म्हणाले. "नाक तं थेट इहीनबाईचं हाय!"

आवाजात थोडी नाराजी होती, पण डोळे भरले होते. माझेही भरले. अकोल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुपारी रिठदची मंडळी आली. व्याह्यांनी काचेला कपाळ टेकवून पहिला प्रश्न टाकला, "अन् बुडबुडे कुठी हायेत?"

काकांनी घसा खाकरला. मोटरीचं उत्तर तयार होतं. पण विहीणबाईंनी नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं. "कायचे बुडबुडे घेऊन बसले! माह्यं नाक पाहा तिथं!"

तेव्हापासून सीपॅप लावतानाच मी नातेवाइकांना सांगून ठेवते, की हे काढायचं आहे आणि काढलं की पेढे वाटायचे. बाटलीवर तर कुणालाच बसवत नाही. बाळाच्या पोटाकडे बघायला सांगते. पोट बाळासोबत घरी जातं, बाटली आमच्याकडेच राहते.