पडद्याआडचा आवाज

हे मी आजवर कोणाला बोललेले नाही. अम्मीलाही नाही — आणि तुम्हाला तरी नीट सांगता येईल का, ठाऊक नाही.

तलाक झालेल्या बाईच्या पोटगीवरून देशभर वाद पेटला होता, त्या वर्षीची गोष्ट. मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. मोहल्ल्यातली सईदा आपा शिवणाच्या निमित्तानं बायकांना जमवायची, हक्काचं बोलायची. तिच्याच हट्टानं जमातीच्या पंचांच्या बैठकीला पहिल्यांदा बायका बसल्या — पडद्याआड, बुरख्यात, अंधाऱ्या खोलीत.

प्रश्न शेजारच्या नजमा खालाचा होता. तिचा नवरा म्हणत होता, रमजानच्या आधी, घरी शेवया करायच्या दिवशीच मी तलाक दिला. तलाकनंतरची इद्दतीची मुदतही संपली, आता हिचा माझ्यावर हक्क नाही. त्या दिवशी मी तिथंच शेवया वळत बसले होते. तो जेवला, हात धुतले, गेला. एक शब्द बोलला नाही. हे खालाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आणि अब्बांनी बजावलं होतं — "तोंड उघडलंस त कॉलेज बंद."

पलीकडून पंचांनी विचारलं, "तलाक देताना कोणी ऐकलं काय?"

खालानं माझा हात घट्ट धरला. आता ती साक्षीला माझं नाव घेईल — त्याआधी हे संपावं, एवढंच वाटलं. मग एक आवाज आला. बारीक, घोगरा, कोणाचाच नसल्यासारखा.

"हो. ऐकलं."

पडदा जराही हलला नाही. पलीकडे पंचांनी तलाक झाला असं मानलं. ओढणीचं टोक माझ्या दातांत ओलं झालं होतं. ते घाबरून धरलं होतं? नाही — आवाज ओळखू येऊ नये म्हणून, बोलायच्या आधीच धरलं होतं.

बाहेर येताना खाला म्हणाली, "तू बोलणारच होतीस बेटा, त्या चुडैलनं आधीच घात केला."

तो आवाज कोणाचा हे ओळखायला पुढच्या जुम्म्याला आपानं शिवणाच्या खोलीत मधोमध चादर बांधली. एकेकीनं आड जाऊन म्हणायचं — "हो. ऐकलं." भर दुपारी तेच शब्द येत राहिले, दर वेळी वेगळ्या गळ्यातून. बायका डोळे मिटून ऐकत होत्या. माझी पाळी आली तशी खाला म्हणाली, "इले कायले पाठवून राहिले? हे त माही पोरगी आहे."

मी खाली बसले.

शेवटी सगळ्यांनी शिवणाला येणाऱ्या राबियावर बोट ठेवलं. तिचा गळा सर्दीनं बसला होता. ती शपथा घेत होती, रडत होती. तिला बाहेर काढलं, तेव्हा दाराजवळ मीच होते. कडी मी लावली.