तांबड्या मातीखालची काळी

मला माती कळते, असं मी आयुष्यभर सांगत आलो. डोणगावच्या आमच्या वावरात चिमूटभर माती बोटांत चोळायची आणि इथं वांगं येईल की नाही ते सांगून मोकळं व्हायचं, हा माझा थाट. मेहकरच्या बाजारात माझी मेथी बाकीच्यांच्या आधी संपायची, त्यामुळे मान थोडी ताठ झालेली. बायको म्हणते थोडी नाही, बरीच. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे घडलं ते अडाणीपणातून घडलं असं कोणी समजू नये. मला सगळं सांगितलेलं होतं.

माझी एकुलती एक मुलगी तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका देशात राहत होती. जावई खाणीतल्या यंत्रांचे इंजिनिअर. नातू दोन वर्षांचा, आणि मी त्याला फक्त फोनवर पाहिलेला. बायकोचे गुडघे आणि दावणीच्या दोन म्हशी यांच्यामुळे तिचं येणं जमलं नाही, म्हणून तीन महिन्यांसाठी मी एकटाच निघालो. जाताना तिनं मेथी, कोथिंबीर, अंबाडी आणि वांग्याचं बी जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून माझ्या स्वेटरच्या घडीत खुपसलं. असं बी परदेशात न्यायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी नेलं.

विमानतळापासून त्या गावापर्यंत बसनं पूर्ण दिवस लागला. वाटेत मक्याची वावरं, कोळशाची पोती रस्त्यालगत विकायला ठेवलेली, आणि मैलच्या मैल कोणी नाही. गाव आलं ते आधी एका काळ्या टेकडीनं. टेकडी वाटली, पण ती खाणीतून वर्षानुवर्षं टाकलेल्या कचऱ्याची रास होती. तिच्यावर गवताची काडी नव्हती. काही माणसं तिच्यातून काहीतरी खणून पोत्यांत भरत होती, आणि वाऱ्याबरोबर तिथली बारीक भुकटी गावावर येत होती. गावात एक मोठा रस्ता, दोन चर्च, एका गुजराती माणसाचं किराणा दुकान आणि जांभळ्या फुलांची झाडं. झाडं सुंदर होती. पण त्यांच्या पानांवर बोट फिरवलं की बोट करडं व्हायचं.

मुलीच्या घरात पहिल्या दिवसापासून नियम. चपला दाराबाहेर काढायच्या. केरसुणी वापरायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. टेकडीकडच्या खिडक्या बंद. पोराचे हात येता-जाता साबणानं धुवायचे.

"हे काय सोवळं मांडलं वं तू?" मी तिला चिडवलं.

"सोवळं नाही बाबा. इथं जुनी शिशाची खाण होती. ते शिसं इथल्या मातीत उतरलेलं हाय. लहान लेकराच्या पोटात गेलं की डोक्यावर परिणाम होते. मोठ्याईले लवकर कळत नाही, लेकराईले लागते." मग तिनं अंगण दाखवलं. जावयांच्या खाण कंपनीनं दुरून आणलेली तांबडी माती प्रत्येक घराच्या अंगणात हातभर पसरली होती, खालची माती वर येऊ नये म्हणून. वर पिवळट गवत लावलेलं. "हे गवत उखडायचं नाही, खाली खंदायचं नाही. एवढं पाळलं की भेव नाही."

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, मातीनं कधी कोणाचं वाईट केलंय? आम्ही लहानपणी ढेकळंच्या ढेकळं खाल्ली, आईचे धपाटे सोडले तर काही झालं नाही. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, हे आमच्या घराण्याचं ब्रीद.

आठ दिवसांत मी कंटाळलो. जावई सकाळी सहाला जायचे ते दिवस मावळताना यायचे. मुलगी दुपारी तिथल्या शाळेत शिकवायची. त्या वेळात नातू माझ्याकडे. तो नुकताच बोलायला लागला होता. "आबा", "पाणी", "दे", "गेलं" असे दहा-पंधरा शब्द त्याच्याजवळ होते आणि रोज एखादा नवा यायचा. मी सकाळ-संध्याकाळ अंगणात बसायचो आणि ती रिकामी जमीन पाहून माझे हात शिवशिवायचे.

शेवटी मी मुलीला पटवलं. कसं पटवलं? तिच्या जिभेला हात घातला. तिथल्या बाजारात मेथी मिळत नव्हती, आणि तीन वर्षं तिनं अंबाडीची भाजी पाहिली नव्हती. बियांची पुरचुंडी पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लावा," ती म्हणाली. "पण वरच्या मातीतच लावा. दोन वाफे, बस. खोल जाऊ नका. तुमाले माह्या गळ्याची आन हाय."

मी शपथ घेतली. वाफे केले, बी टाकलं. मेथी उगवली ती पिवळी, केसासारखी बारीक, आणि चार दिवसांत माना टाकून आडवी झाली. ती तांबडी माती म्हणजे आपल्याकडचा रस्त्यावर टाकायचा मुरूम. तिच्यात मुळं धरतील तरी कशाला? वऱ्हाडातला माणूस मी. आमच्याकडे हलक्या तांबड्या रानात जमीन असलेल्या घरी मुलगी देताना लोक दहादा विचार करतात. काळी असली पाहिजे, ओली झाली की पायाला धरून ठेवणारी. एका दुपारी मुलगी शाळेत गेल्यावर मी नुसतं पाहावं म्हणून कुदळ मारली. हातभर खाली गेलो आणि खालून काळी निघाली.

मला झालेला आनंद मी आज लपवत नाही. परमुलखात कोणी गाववाला भेटावा तसा मी त्या मातीकडे पाहत बसलो. हातात घेऊन दाबली. थोडी जड वाटली, आपल्यासारखी चिकट नव्हती, पण काळी होती. मुलीचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मी स्वतःला म्हटलं, हे पुस्तकवाले लोक, यांना काळ्या मातीची किंमत काय कळणार? गाढवाला गुळाची चव काय! दोन्ही वाफ्यांतली तांबडी मी कुंपणाकडे ओढली, काळी वर घेतली आणि तिच्यावर दोन बोटं तांबडी भुरभुरवून ठेवली. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. म्हणजे काय करतोय ते मला पुरतं कळत होतं.

पाहणारा एक होता. आमच्या ओळीतल्या सहा घरांना मिळून एक म्हातारा राखणदार होता, माझ्याच वयाचा, उंच, एका पायानं अधू. तो कुंपणापाशी आला, काळ्या मातीकडे बोट दाखवलं आणि हात आडवे हलवले. नको, नको. मीही हात हलवले, जा म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर वाफे बुजवलेले, वर तांबडी नीट चोपून बसवलेली. माझं डोकं फिरलं. मी पुन्हा उकरले. तिसऱ्या दिवशी तो दिसला तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं, घराकडे खूण केली आणि दम भरल्यासारखे डोळे मोठे केले. साहेबांचा सासरा मी. त्याची नोकरी कंपनीची. त्यानं पुन्हा वाफ्यांना हात लावला नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं तो एका मुलीला घेऊन आला. दहा-अकरा वर्षांची असेल, त्याची नात. त्यानं तिला माझ्यासमोर उभं केलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती पोरगी माझ्याकडे न पाहता बाजूला कुठेतरी पाहत होती. तोंड उघडं, लाळ हनुवटीवर. त्यानं तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं, बहुधा तिचं नाव विचारलं असेल, आणि ती फक्त हसली. त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं, मग वाफ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या नातवाकडे. मला वाटलं काही मागायला आणली आहे. मी घरातून दोन केळी आणून तिच्या हातात दिली. म्हातारा तिला घेऊन गेला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो शब्दांवाचूनही मिळाला होता, आणि मी केळी देऊन बसलो.

मेथी तरारली. कोथिंबीर, अंबाडी, वांग्याची रोपं, सगळं कसं टवटवीत. पहिल्या मेथीची भाजी मुलीनं केली तेव्हा जावई दोन भाकरी जास्त जेवले. "बाबा, तुमच्या हाताला गुण आहे," ते म्हणाले. मी फुगलो. नातू दुपारभर माझ्याजवळ वाफ्यात असायचा. मी खुरपायचो, तो ढेकळं फोडायचा, मुठी भरायचा. तोंडात घालायचा तेव्हा मी हसून बोटानं काढायचो, आणि मुलगी यायच्या आत त्याचे हातपाय स्वच्छ धुऊन ठेवायचो. तिला वाटायचं बाबांनी नियम अंगी बाणवले.

दुसऱ्या महिन्यात तो किरकिर करायला लागला. पोट साफ होईना, जेवण नको. मी म्हटलं दाढा येत असतील. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की नवा शब्द येऊन बरेच दिवस झाले. "गेलं" हा शब्द तर तो म्हणेनासाच झाला होता. चेंडू गडगडत गेला तरी तो नुसता पाहत राहायचा. मी त्याच्यासमोर चेंडू पुन्हा पुन्हा सोडायचो आणि म्हणायचो, "गेलं, गेलं, म्हण बे, गेलं." मी मुलीला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या महिन्यात दवाखान्याच्या बाया घरोघर लहान मुलांच्या रक्ताच्या तपासणीला आल्या. तिथं ते वरचेवर चालायचं. नातवाचं आधीचं रक्त ठीक होतं. या वेळी बोटातून रक्त घेतलं, छोट्या यंत्रात घातलं, आणि त्या बाईनं यंत्रातला आकडा दोनदा पाहिला. तिनं पुन्हा एकदा टोचलं. मग मुलीशी इंग्रजीत हळू बोलत राहिली. मला शब्द कळले नाहीत, पण माझी मुलगी भिंत धरून खाली बसली ते दिसलं.

बाया गेल्यावर ती उठली आणि सरळ अंगणात गेली. तिनं वांग्याचं एक रोप धरून उपटलं. मुळांबरोबर काळी माती वर आली. तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मी तुमाले आन घातली होती न," एवढंच ती म्हणाली.

मी कडेवर पोराला घेऊन उभा होतो. म्हणालो, "मले वाटलं..." आणि पुढं मला काय वाटलं ते मला आठवेना.

दिवस मावळायच्या आत जावई आले. तिनं फोन केला होता, त्यामुळे धावतच आले. सहसा आवाज न चढवणारा माणूस. अंगणातली उपटलेली रोपं आणि उघडी काळी माती पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कोणी उकरलं हे?"

मी तोंड उघडलं असतं. उघडणारच होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण माझ्याआधी मुलगी बोलली.

"मी," ती म्हणाली. "भाजी येत नव्हती म्हणून मीच खोल खणून घेतलं."

मग ते तिला बोलले. काय काय बोलले ते सगळं मी लिहिणार नाही. "तू आई आहेस का?" असं म्हणाले, हे लिहितो. ती खाली मान घालून ऐकत राहिली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बाजारात दहा गाळ्यांपलीकडं ऐकू जाईल असा माझा आवाज, आणि मी पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत राहिलो. मला भीती वाटत होती. कशाची म्हणाल, तर जावयाच्या नजरेतून उतरण्याची. नातवाचं रक्त नासलं होतं आणि मला माझ्या पागोट्याची पडली होती. याची मला शरम वाटते, आणि ती जात नाही.

बोलून बोलून ते थांबले, तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "माफ करा बाबा. तुमच्यासमोर तुमच्या मुलीवर ओरडलो."

"असू द्या जावईबापू," मी म्हणालो. "होते असं."

पोराला राजधानीतल्या मोठ्या दवाखान्यात औषधं दिली, रक्तातलं शिसं बरंचसं उतरलं. ती मंडळी ते गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली. नातू आता पाच वर्षांचा आहे. चालतो, धावतो, हसतो. बोलतो, पण त्याच्याहून लहान मुलं बोलतात तेवढंच. डॉक्टर म्हणतात किती भरून येईल ते आज सांगता येणार नाही.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मी आणि बायको ओसरीवर फोन भिंतीला टेकवून बसतो. बायकोलाही मी काही सांगितलेलं नाही. पोर इकडं-तिकडं हललं, पडद्याबाहेर गेलं, की जावई बोलता बोलता थांबतात आणि माझ्या मुलीला विचारतात, "लक्ष आहे ना तुझं?" दर रविवारी विचारतात. ती "हो" म्हणते आणि उठून पोरामागे जाते. जावई मला विचारतात, "आणि बाबा, यंदा वांगी कशी आहेत?" मी सांगतो, बरी आहेत.