सोडलं की सुटलं

शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाईंनी दुभाष्याचं काम आयुष्यात एकदाच केलं. नदीकाठची तीस घरं पाण्यात गेली तेव्हा एक परदेशी बातमीदार आला, आणि त्याची भाषा येणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या. तीन दिवस त्या त्याच्याबरोबर चिखल तुडवत हिंडल्या. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. घरांची मात्र माती झाली.

वर्षभराने त्याचा फोन आला. परदेशांतल्या बातमीदारीसाठीच्या मोठ्या पुरस्काराच्या शेवटच्या फेरीत त्याची बातमी पोचली होती, पण धरण चालवणाऱ्या कंपनीने परीक्षकांकडे हरकत घेतली होती. धरणाचा राखणदार म्हणे 'पाणी सुटलं' म्हणाला होता. दुभाषीने 'सोडलं' करून कंपनीवर आळ आणला. ध्वनिमुद्रणात नेमक्या त्या जागी नुसता वारा घोंगावत होता.

बाईंनी फोन ठेवला. जन्मभर पोरांच्या वेलांट्या सुधारल्या, आणि आपणच ध चा मा केला असेल तर? दोन दिवस त्यांना घास गोड लागेना.

"माझं बोलणं रोज उलटं लावतेस, तेव्हा सांगता येत नाही हो," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेचा चेहरा पाहून त्यांनीच तिच्या पिशवीत पाण्याची बाटली कोंबली. इथे झुरत बसण्यापेक्षा त्यालाच जाऊन विचार, असं बजावलं.

राखणदार आता नोकरी सोडून लेकीकडे राहत होता, बसने दोन तासांवर. अंगणात खुर्चीचा वेत विणत बसला होता. बाईंनी दोन्हींपैकी एकही शब्द तोंडातून काढला नाही. त्या दिवशी काय झालं, एवढंच विचारलं.

"पाणी सोडलं," तो म्हणाला. "साहेबांचा फोन आला, चाक मी फिरवलं. भोंगा वाजवू का विचारलं, तर नको म्हणाले. मी वाजवला."

भोंग्याचं तेव्हा का नाही सांगितलं, असं बाईंनी विचारलं. तेव्हा नोकरी होती, तो म्हणाला.

त्याने सगळं कागदावर लिहून सही केली. त्यात चार ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. बाईंनी त्यांना हात लावला नाही, कागद तसाच बातमीदाराला पाठवला.

महिन्याभराने पुरस्कार त्यालाच जाहीर झाल्याचा फोन आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. तपासायच्या वह्या तशाच उघड्या टाकून त्या भरदुपारी दोन तास गाढ झोपल्या. सासूबाईंनी तोवर कुणाला दारही वाजवू दिलं नाही.