कोपरा फाटलेलं कार्ड

एकाहत्तरच्या लढाईत मी तोफगोळे वाहणारी गाडी चालवत होतो. गाडी म्हणायची आपली. चारी बाजूंनी पोलाद, चाकांऐवजी पट्टे आणि पोटात रचलेले गोळे. आमच्या तोफाही पट्ट्यांवर स्वतः पळणाऱ्या, त्यामुळे आम्ही गोळे घेऊन सतत त्यांच्या मागे. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात मला बैलगाडीसुद्धा धड हाकता येत नव्हती; बैल तुझ्यापेक्षा शहाणे आहेत, असं वडील म्हणायचे. अशा माणसाच्या हाती सरकारने हे धूड दिलं.

त्या सकाळी तोफांकडे जाताना कालव्याच्या ओल्या काठावर डावा पट्टा निखळला आणि गाडी एका अंगावर कलून रुतली. पट्टा चढवायला खाली उतरलो, तोच पलीकडून मारा सुरू झाला. गाडीचे प्रमुख हवालदार हरियाणाचे. त्यांनी मला आत ओढलं आणि झाकणं लावून घेतली. आता आत आम्ही दोघं आणि गोळे. बाहेर पडलो तर तुकडे लागणार आणि आत राहिलो अन् एखादा गोळा नेमका गाडीवर बसला तर आमच्याच मालासकट उडणार. डिझेलच्या वासाने जीव गुदमरत होता. समोरच्या फटीतून वीतभर शेत तेवढं दिसायचं. वायरलेसवर तोफांवरची माणसं गोळे मागत होती. मी घाबरलो होतो. उगाच शूरपणा कशाला सांगू?

हाताला काही चाळा हवा म्हणून तंबाखू मळायला घेतली. चुन्याची डबी उघडली, तर आत चुना काढायला ठेवलेला जाड कागदाचा तुकडा. तो पाहून आठवलं. सकाळी घरी पाठवायच्या पोस्टकार्डाचा कोपरा मीच फाडला होता, चुन्यासाठी हाताशी येईल तो कागद फाडायच्या सवयीने. आणि कार्ड शिधा घेऊन आलेल्या ट्रकमधून मागे गेलंसुद्धा होतं.

आमच्याकडे कुणी गेल्याचं कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडतात. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडायचं आणि अंघोळ करायची. माझ्या कार्डावर ‘मी खुशाल आहे’ असंच लिहिलं होतं, पण पत्ता आमच्या कारकुनाने इंग्रजीत घातलेला. वरून माझं अक्षर ओळखायची सोय नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

वायरलेसवरून मागे कळवा, ते कार्ड थांबवा, असं मी हवालदारांना विनवलं. त्यांनाही ही रीत ठाऊक होती. पण ते म्हणाले, की वायरलेस तोफांसाठी आहे, माझ्या घरासाठी नाही. खरं तेच होतं, तरी मला त्यांचा भयंकर राग आला. मी जिवंत होतो आणि घरी माझ्या मरणाची खबर निघाली होती, अन् मला त्या पेटीतून हलता येत नव्हतं.

दुपार कलताना दुसऱ्या गाडीने दोर लावून आम्हाला ओढलं. तोफांना गोळे पोचले. त्याच संध्याकाळी मी दुसरं कार्ड टाकलं, चारी कोपरे दोनदा तपासून.

पुढे रजा मिळाली. मोताळ्याच्या स्टँडवर वडील घ्यायला आले होते. घराच्या वाटेवर मी भीतभीतच त्या कार्डाचं विचारलं. आलं होतं म्हणाले. पोस्टमनने ते वावरातच दिलं, कापूस वेचणीच्या वेळी. वडील चौथी शिकलेले, पण त्यांनी कार्ड उलटून पाहिलंच नाही. कोपरा दिसला तसे तुकडे करून विहिरीत टाकले आणि तिथेच अंघोळ केली. एवढ्या थंडीत दुसऱ्यांदा अंघोळ कशाला, म्हणून आई रागावली, तर पिसवा चावल्या म्हणाले. त्यानंतर माझं दुसरं कार्ड यायला सतरा दिवस लागले. ते सतरा दिवस वडील रोज मोताळ्याच्या पोस्टात जाऊन बसायचे. मी गेल्याची सरकारी तार आलीच तर आधी त्यांच्या हाती पडावी म्हणून.

मी विचारलं, “घरी काऊन नाही सांगतलं?”

वडील म्हणाले,

“सांगतलं असतं तं सूनबाईच्या बांगड्या फोडा लागल्या असत्या. म्या म्हनलं, जितके दिस राह्यतीन तितके राहू दे तिच्या हातात.”